होमी भाभा आणि प्रोस्टेटचा स्कॅन

मूल, सावली, सिंदेवाही या धानाच्या पट्ट्यात साठी-सत्तरी ओलांडलेला पुरुष रात्री चारदा लघवीला उठू लागला, तर घरात कोणी फारसे मनावर घेत नाही. वय झाले, एवढ्यावर विषय संपतो. कंबर दुखली तर दोष जन्मभर बांधीत राबल्याचा. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. पण काहींच्या रक्तातले पीएसए वाढलेले निघते, बायोप्सीत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग सापडतो आणि नागपूरचा डॉक्टर कागदावर पीएसएमए पेट स्कॅन लिहून देतो. हिंदीची सवय असलेल्या या भागात पेट म्हटले की पोट आठवते. रोग खाली, मग स्कॅन पोटाचा कशाला, असे नातेवाइकांना वाटते. या पेटचा पोटाशी संबंध नाही. त्यातले पहिले अक्षर पॉझिट्रॉनचे आहे.

हा कण सापडून जेमतेम तीन वर्षे झाली होती, तेव्हा केंब्रिजात बसून त्याचे गणित मांडणारा एक मुंबईकर तरुण होता. त्याचे नाव होमी जहांगीर भाभा. अणुवीज आणि अणुबॉम्ब यांच्या चर्चेत हे नाव हटकून येते, कर्करोगाच्या चर्चेत क्वचितच. खरे तर भाभांच्या घरात कर्करोग ट्रॉम्बेच्या कितीतरी आधी शिरला होता.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर. वडिलांची बहीण मेहेरबाई ही जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांची पत्नी. म्हणजे टाटांचे घर हे होमीच्या आत्याचे घर. हा मुलगा लहानपणी फार कमी झोपत असे. काळजीने आईवडिलांनी त्याला परदेशातल्या डॉक्टरांना दाखवले आणि त्याला आजार काही नाही, मेंदू फार चालतो म्हणून झोप कमी, असा निर्वाळा मिळाला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो की घरच्यांनी रंगवलेली, पुढच्या आयुष्याशी ती जुळते खरी. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे टप्पे भराभर ओलांडून १९२७ मध्ये ते केंब्रिजला पोचले. शिक्षण ठरले होते यंत्र अभियांत्रिकीचे. परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचे, असा वडिलांचा आणि दोराबजींचा बेत होता. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले. वडिलांनी व्यवहारी तोड काढली: आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग गणिताचा खर्च देतो. १९३० मध्ये पहिला वर्ग मिळाला आणि वडिलांनी शब्द पाळला.

याच वर्षांत टाटांच्या घरावर आघात झाला. मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला आणि जून १९३१ मध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात त्या गेल्या. त्या काळात या रोगावर कोणाकडेच काही उपाय नव्हता. टाटांचा पैसाही तिथे कामाला आला नाही. दोराबजींनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी ठेवला, आपली जवळजवळ सगळी मालमत्ता विश्वस्त निधीला दिली आणि वर्षभरातच, जून १९३२ मध्ये, तेही गेले. त्या निधीतून पुढे परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. होमींनी आत्याच्या मृत्यूमुळे पुढे अमुक केले, असा थेट धागा जोडणे सोपे आहे, पण तो ओढूनताणून जोडू नये. इतके मात्र नक्की की कर्करोग म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला. केंब्रिजच्याच डिरॅक यांनी तो असणार हे आधी गणिताने दाखवले होते. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचे जुळे भावंड. वजन तेच, विद्युतभार उलटा. दोघे भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा बनून सहसा दोन गॅमा किरण एकमेकांच्या बरोबर उलट दिशांना निघतात. भाभांनी १९३५ मध्ये रॉयल सोसायटीकडे एक निबंध पाठवला. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतो तेव्हा नुसती टक्कर मोजून भागत नाही, जोडी नष्ट होऊन पुन्हा जन्मण्याची शक्यताही हिशेबात धरावी लागते, हे त्यांनी त्यात दाखवले. या विखुरण्याला आजही जगभर भाभा स्कॅटरिंग म्हणतात, आणि कणांच्या मोठमोठ्या टकरयंत्रांत मोजमाप पडताळायला ते रोज वापरले जाते. पेट स्कॅन भाभांनी शोधला नाही, तसा दावा कोणी करूही नये. त्यांच्या निबंधात रुग्णाचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. पण पेट यंत्र चालते ते याच नाहीसे होण्यावर. पॉझिट्रॉन सोडणारे औषध शिरेतून दिले जाते. ते जिथे जाऊन साठते तिथून किरणांच्या जोड्या बाहेर पडतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातले शोधक समोरासमोर एकाच क्षणी आलेले किरण टिपतात. दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी औषध आहे, एवढे एका जोडीवरून कळते. अशा लाखो रेषा जमल्या की संगणक चित्र उभे करतो.

१९३९ मध्ये भाभा सुटीवर भारतात आले आणि युरोपात युद्ध पेटले. केंब्रिजला परतणे राहिले. बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्या विभागात, त्यांनी काम धरले. १९४१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आत, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपले की परदेशी निघून जाणे त्यांना सहज शक्य होते. पण मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था भारतात काढण्यासाठी मदत मागितली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, आधी बंगळूरला आणि वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. कर्करोग रुग्णालय आणि अणुविज्ञानाची संस्था, दोन्ही एकाच दोराबजींच्या निधीतून.

पुढचा भाग शाळेच्या पुस्तकांत आहे, म्हणून थोडक्यात. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, भाभा अध्यक्ष. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचे केंद्र आणि अणुऊर्जा खाते, भाभा त्याचेही प्रमुख, थेट नेहरूंना जबाबदार. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततामय उपयोगांवरच्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातली सोव्हिएत संघाबाहेरची पहिली अणुभट्टी चालू झाली. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने बांधलेली सायरस. या माणसाने लग्न केले नाही. चित्रे काढली, पाश्चात्त्य संगीत मनापासून ऐकले, रस्त्याच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला लावले. टीकाही त्यांच्यावर झाली आणि ती सगळी अन्यायाची नव्हती. अणुविजेबाबत त्यांनी दाखवलेली स्वप्ने त्यांनी सांगितलेल्या वेळेत उतरली नाहीत. सगळा कारभार एका माणसाभोवती आणि एका शहराभोवती फिरत राहिला.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर अप्सरा आणि सायरस यांचे महत्त्व विजेत नाहीच, त्या वीज बनवतही नव्हत्या. त्यांच्यात किरणोत्सारी समस्थानिके बनू लागली. तोवर ती परदेशातून मागवावी लागत. अशा मालाची अडचण अशी की तो वाटेतच संपत जातो. थायरॉइडसाठी लागणारे आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते. बोट, कस्टम, गोदाम असा प्रवास त्याला झेपत नाही. देशात अणुभट्टी असणे ही रुग्णालयाची गरज आहे, हे भाभांनी ओळखले आणि त्यावर दोन गोष्टी केल्या. टाटा मेमोरियल रुग्णालय १९५७ पासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे होते. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आले. त्यामागे जे. आर. डी. टाटा आणि भाभा यांचा विचार होता: कर्करोगाचे निदान आणि उपचार यांत किरणोत्साराचा वाटा वाढत जाणार, तर रुग्णालय आणि अणुशास्त्र एका छपराखाली असावे. रुग्णालय अणुऊर्जा खात्याच्या ताब्यात असणे अनेकांना आजही विचित्र वाटते. पण साठ वर्षांनंतर पाहता तो निर्णय बरोबर ठरला असे म्हणावे लागते.

दुसरी गोष्ट १९६३ ची. रेडिएशन मेडिसिन सेंटर, म्हणजे किरणोत्सारी द्रव्यांनी निदान आणि उपचार करणारे केंद्र, ट्रॉम्बेच्या कुंपणाआड न काढता परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारात काढले गेले. थायरॉइडच्या रुग्णांपासून तिथे काम सुरू झाले. भारतातल्या अणुवैद्यकाच्या डॉक्टरांची पहिली फळी मोठ्या प्रमाणात तिथेच घडली. नागपूरसारख्या शहरांत आज जे विभाग चालतात, त्यांची मुळे शोधत गेले तर बहुतेक वेळा परळला पोचता येते.

हे केंद्र तीन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा भाभा गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला जाताना एअर इंडियाचे कांचनजंगा विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातले ११७ जण ठार झाले. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. भाभा ५६ वर्षांचे होते. घातपाताच्या कथा तेव्हापासून फिरत आहेत, त्यातल्या एकीलाही खात्रीचा पुरावा नाही. वर्षभराने ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले.

भाभांच्या हयातीत प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दल डॉक्टरांना कळत होते ते फार थोडे. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर वाढतो आणि ते बंद केले की आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये, म्हणजे टाटा रुग्णालय उघडले त्याच साली, दाखवले होते. पण रोग ग्रंथीतच आहे की बाहेर पसरला, हे जिवंत माणसात पाहण्याची धड सोय नव्हती. उपचाराचा सगळा निर्णय तर त्यावरच ठरतो. रोग ग्रंथीपुरता असेल तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने तो पूर्ण बरा करण्याची आशा धरता येते. हाडांत दूरवर गेला असेल तर मोठी शस्त्रक्रिया करून रुग्णाला बहुधा फक्त लघवीवरचा ताबा गमावण्याचा त्रास मिळतो, आणि मुख्य इलाज संप्रेरक रोखण्याचा असतो. याच ठरवण्याला स्टेज काढणे म्हणतात.

पुढे बोन स्कॅन आला. त्यासाठी लागणाऱ्या टेक्नेशियमचा अर्धायुकाल सहा तासांचा, पण ते ज्या मॉलिब्डेनमपासून मिळते ते ६६ तासांनी निम्मे होते. त्यामुळे ते पाठवून गावोगावच्या विभागांत टेक्नेशियम काढता येते. ही तपासणी स्वस्त आहे आणि आजही खूप उपयोगी आहे. तिची अडचण अशी की ती कर्करोग दाखवत नाही, हाड कुठे स्वतःला डागडुजी करते आहे ते दाखवते. बैलगाडीवरून पडून कधीकाळी मोडलेली बरगडी, झिजलेला गुडघा, वाकलेला मणका, सगळे चित्रात उजळून निघते. कष्टकरी म्हाताऱ्याच्या सांगाड्यात अशा जागा कमी नसतात. लसीका गाठींतला रोग तर त्यात दिसतच नाही. सीटी स्कॅन गाठ मोठी झाली तरच संशय घेतो, आणि लहान गाठीतही रोग असू शकतो.

पीएसएमए हे प्रथिन प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर मुबलक असते. जर्मनीत हायडेलबर्गला त्याला चिकटणारा एक लहान रेणू तयार झाला आणि त्याला गॅलियम-६८ हा पॉझिट्रॉन सोडणारा अणू जोडला गेला. आता कॅमेऱ्याला हाडाची डागडुजी नव्हे, खुद्द रोगाच्या पेशी दिसू लागल्या. ऑस्ट्रेलियात ३०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत या तपासणीची अचूकता ९२ टक्के भरली, तर सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. त्या चाचणीत घेतलेले सगळे रुग्ण जास्त जोखमीचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पीएसए थोडेसेच वाढलेल्या, मवाळ रोगाच्या माणसाला हा महागडा स्कॅन सहसा लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी पीएसए पुन्हा चढू लागले, तर रोग नेमका कुठे उगवला हे शोधायला मात्र याच्याइतके कामाचे साधन दुसरे नाही.

नाव प्रोस्टेटचे असले तरी हे प्रथिन लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंड आणि लहान आतडे यांतही असते. निरोगी माणसाच्या चित्रातही हे अवयव ठळक चमकतात. अहवालाचे चित्र मोबाइलवर पाहून रोग गालापर्यंत गेला म्हणून घाबरलेले घर ही डॉक्टरांना ओळखीची गोष्ट आहे. उलट, थोड्या रुग्णांच्या कर्करोगात हे प्रथिन फारसे नसतेच, आणि तिथे स्कॅन कोरा येऊनही रोग असतो. त्यामुळे निदानाचा शेवटचा शब्द अजून बायोप्सीचाच. स्कॅन सुई कुठे टोचावी हे सांगायला मदत करतो आणि रोग कुठवर गेला ते दाखवतो.

मूलच्या माणसाला यासाठी प्रवास चुकत नाही, आणि त्यामागे फक्त सरकारी अनास्था नाही, भौतिकशास्त्रही आहे. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मे होते. मूल ते नागपूर अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. नागपूरहून औषध भरून गाडी निघाली आणि तीन तासांत मूलला पोचली, तरी त्यातला सुमारे सहावा हिस्साच उरेल. म्हणून औषध रुग्णाकडे येत नाही, रुग्णाला औषधाकडे जावे लागते. दिलासा एवढाच की गॅलियम बनवायला अणुभट्टी किंवा सायक्लोट्रॉन दाराशी लागत नाही. जर्मेनियम-६८ भरलेला लहानसा जनरेटर विभागात ठेवला की त्यातून दिवसातून दोन-तीनदा गॅलियम काढता येते, आणि जर्मेनियमचा अर्धायुकाल २७१ दिवसांचा असल्याने एक जनरेटर वर्षभराच्या आसपास काम देतो. स्कॅनच्या दिवशी औषध टोचल्यावर तासभर थांबवतात, भरपूर पाणी प्यायला आणि यंत्रात जाण्याआधी लघवी करून यायला सांगतात, कारण औषध मूत्राशयातही उतरते आणि तिथली चमक शेजारच्या प्रोस्टेटला झाकते. प्रत्यक्ष चित्रण अर्ध्या तासाच्या आतबाहेर संपते. किरणोत्सार संध्याकाळपर्यंत जवळपास ओसरतो. दुसऱ्या दिवशी नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नसते.

भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये बसला तो परळच्या त्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, भाभांना जाऊन ३६ वर्षे झाल्यावर. आता चंद्रपूरलाही राज्य सरकार, जिल्ह्याचा खनिज निधी आणि टाटा ट्रस्ट यांच्या भागीदारीतून कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे. मूलहून ते तासाभराच्या वाटेवर आहे. बायोप्सी, पीएसए, संप्रेरकाची इंजेक्शने, केमोथेरपी यांसाठी दर वेळी नागपूर गाठावे लागणार नसेल, तर ज्यांनी एका स्कॅननंतर पैशाअभावी येणे सोडले असते असे कितीतरी रुग्ण उपचारात टिकतील.

पीएसएमएला चिकटणारा तशाच प्रकारचा रेणू आता इलाजालाही वापरतात. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ जोडले की ते रोगाच्या पेशींना चिकटून जवळूनच मारा करते. इतर उपाय थकलेल्या रुग्णांना ते देतात, आणि आधीच्या पेट स्कॅनमध्ये रोग उजळलेला दिसला तरच देतात. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेला, १९८५ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीत, तयार होते. त्याचा अर्धायुकाल साडेसहा दिवसांच्या वर आहे, त्यामुळे मुंबईहून नागपूरचा प्रवास त्याला सहज झेपतो.